फणसाचं लाकूड: चार पावसाळे वापरल्यावर

आमच्याकडे उतरलेली माणसं पहिल्या दिवशी जेवायला बसली की मासळी यायच्या आधी टेबलावर बोटं वाजवतात. मग त्यांच्यातलं कुणीतरी जाणत्या सुरात सांगतं, "जुनं सागवान दिसतंय." मी म्हणते, "नाही हो, फणस." त्यावर हमखास येणारा प्रश्न, "फणस म्हणजे... खायचा तो?" तोच. मागच्या महिन्यात ठाण्याहून आलेल्या एका कुटुंबाने तर टेबल, बाकं, झोपाळा सगळ्यांचे फोटो काढले आणि नव्या घरासाठी असंच करून घ्यायचं, कुठे मिळेल, काय भाव, म्हणून रात्री अकरापर्यंत मला झोपू दिलं नाही. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. फसलेलं पण लिहिते, कारण फणसाच्या लाकडाची तारीफ करणारे पुष्कळ भेटतात आणि ज्यांचे हात पोळले ते बोलत नाहीत.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला. पाहुण्यांसाठी चार खोल्या. समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात कौलांवरच्या सरींमधूनही लाटांचा आवाज येतो. हवा खारी, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, आणि ओला टॉवेल जिथे टाकू नये तिथेच टाकायचा अशी पाहुण्यांची रीत. लाकडाची याहून कडक परीक्षा कुठे व्हायची नाही. खोल्या सुरू केल्या तेव्हा मी शहरातल्या एका मोठ्या दुकानातून पार्टिकल बोर्डाचे चार पलंग आणले होते. देखणे, वर गुळगुळीत सनमायका. पहिल्याच श्रावणात त्यांच्या पायांची टोकं भिजवलेल्या पोह्यांसारखी फुगली. दुसऱ्या पावसाळ्यात त्यातला एक मधोमध बसला, आणि बसला तेव्हा त्यावर पुण्याचं नवं जोडपं होतं. पुढचं लिहीत नाही.

फणस आमच्या घरात फर्निचर होऊन आला तो वादळामुळे. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. टाळेबंदीमुळे खोल्या रिकाम्या होत्या, हे त्यातल्या त्यात बरं. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, पण दापोली-मंडणगडचीही त्याने दैना केली. आमच्या नारळी-पोफळी किती गेल्या ते मोजायचं धाडस दोन दिवस कुणाला झालं नाही. गोठ्यामागचा फणस मुळांसकट आडवा झाला. मामंजींच्या वडिलांनी लावलेला, बरका, गरे न चावता घशात उतरणारे. मामंजी काठी टेकत आले, बुंध्याला हात लावून म्हणाले, "मला वाटलेलं मी याच्याआधी जाईन." आणि आत जाऊन बसले.

तेव्हा ज्याच्या त्याच्या आवारात झाड आडवं पडलेलं, त्यामुळे लाकडाला विचारणारं कुत्रं नव्हतं. जळणाचा व्यापारी सगळं मिळून चार हजार देतो म्हणाला, तोडणी त्याची. मी हो म्हणणार होते. आमचे सुतारकाका गोठ्याचे वासे बघायला आले होते, त्यांनी अडवलं. "वैनी, घाई करू नका. एक काप मारून गाभा बघूया." काप मारला. सालीच्या आत चार बोटं पांढुरकं कडं, आणि त्याच्या आत हळकुंड मोडल्यावर दिसतो तसला पिवळा गाभा. भुसा इतका पिवळा की काकांच्या त्या दिवशीच्या बनियनवरचे डाग कधी गेले नाहीत.

त्या रंगाचं थोडं विषयांतर करते. थायलंड-म्यानमारकडचे बौद्ध भिक्खू फणसाच्या गाभ्याच्या याच रंगात आपली वस्त्रं रंगवत आले आहेत. त्यातल्या रंगद्रव्याला मोरिन म्हणतात. हे वाचल्यावर मीही दोन ओंजळी भुसा तुरटी घालून उकळला आणि मामंजींचा जुना पंचा त्यात बुडवला. रंग सुरेख चढला. मामंजींनी पंचा बघितला, "मी काय संन्यास घेतला का?" म्हणाले आणि परत केला. आता त्यात मी कोकमं बांधते.

तर गाभा. फणसाचं लाकूड घेणाऱ्याने एवढं एक समजून घेतलं तरी निम्मे पैसे वाचतील. आतला पिवळा गाभा आणि बाहेरचं पांढरं लाकूड या एकाच झाडातल्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, बुरशीलाही तो दाद देत नाही. पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं, झाडाचा साठवलेला खाऊच म्हणा, आणि भुंगेऱ्यांना तोच हवा असतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि खाली मैद्यासारखं पीठ सांडतं. लोक म्हणतात "फणसाला भुंगा लागला." फणसाला नाही, पांढऱ्याला. झाड जितकं जुनं तितका गाभा मोठा. म्हणून वीस-पंचवीस वर्षांचा कोवळा फणस तोडून फळ्या पाडणं म्हणजे गऱ्यांसाठी आणून फणसातला टाकाऊ भाग, चारखंडच, पदरात घेण्यासारखं आहे. कडक गऱ्यांचा कापा चांगला की बरका, यावर गावात दोन तट आहेत, बरक्याचं लाकूड मऊ असतं असं कापावाले सांगतात. आमचा बरकाच होता. मऊ असता तर सुतारकाकांनी पटाशीला तीन वेळा धार लावली नसती.

झाड आपल्याच आवारातलं, वाऱ्याने पाडलेलं, तरी कागद करावे लागतात हे लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे, आंबा, साग, ऐन, किंजळ, जांभूळही आहेत. उभं झाड तोडायचं तर आधी परवानगी. पडलेल्याचा पंचनामा करून घेतलेला बरा, आणि ओंडके रस्त्याने न्यायचे तर वाहतुकीचा पास. आमचे कागद व्हायला पावसाळा उलटला. तोवर ओंडके पालापाचोळ्यावर न ठेवता खाली जांभ्याचे चिरे लावून उचलून ठेवले होते.

विकत घेणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही उपयोगी पडेल असा एक हिशेब. गोल ओंडका मोजताना घेराचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. आमचा मोठा ओंडका ५ फूट घेराचा, ८ फूट लांब. सव्वा गुणिले सव्वा गुणिले आठ, म्हणजे साडेबारा घनफूट. शाळेत शिकलेल्या वर्तुळाच्या सूत्राने तोच जवळजवळ १६ भरतो. मला आधी वाटलं लाकूड कापणारा गिरणीवाला लुबाडतोय. तसं नाही. साल आणि कापताना वाया जाणारं लाकूड यांची ती जुनी ठोकळ सूट आहे. दुसरा ओंडका ४ फूट घेराचा, ६ फूट लांब, सहा घनफूट. कागदावर साडेअठरा. पांढरं कडं काढून, फुटलेलं वगळून हातात गाभा आला तो नऊ घनफुटांच्या आसपास. वखारीत कुणी "अमुक इतके घनफूट" म्हणाला की कुठले घनफूट, गोलाचे की कापलेल्या फळीचे, हे आधी विचारा.

गिरणीच्या कामाला मी पाचपैकी तीन देईन. अर्ध्या दिवसात दोन्ही ओंडके कापून दिले, फळ्यांची जाडी शेवटपर्यंत सारखी. चीक पात्याला चिकटत होता, तो माणूस दर दोन कापांनी डिझेलचा बोळा फिरवायचा आणि अजिबात कटकट करत नव्हता. पण ओंडक्याच्या ऐन मधोमध जो ठिपका असतो, झाड रोप होतं तेव्हाचा, तो फळीत ठेवला तर फळी वाळताना त्या रेषेवर उकलते. मला हे ठाऊक नव्हतं. त्याला होतं. दोन सुंदर रुंद फळ्या अशा टोकापासून टोकापर्यंत फाटल्या. नंतर विचारलं तर म्हणाला, "तुम्ही सांगितलं असतं तर काढला असता." डॉक्टरने असं म्हटलेलं चालेल का?

आता वाळवणं. खरं काम इथे आहे आणि याचा कुणी फोटो काढत नाही. ठोकळ नियम असा की इंचभर जाडीच्या फळीला सावलीत एक वर्ष. आमच्यासारख्या दमट हवेत त्याहून थोडं जास्तच धरा. गोठ्याच्या पूर्वेकडच्या पडवीत, पश्चिमेचा पाऊस जिथे पोचत नाही तिथे, फळ्या एकावर एक रचल्या. प्रत्येक थरात दीड-दीड फुटावर इंचभर जाड पट्ट्या, सगळ्या थरांतल्या पट्ट्या एका खाली एक अशा ओळीत, म्हणजे फळी वाकत नाही. फळ्यांच्या दोन्ही टोकांना उरलेला ऑइलपेंट फासला, कारण लाकडातलं पाणी टोकांतून लवकर उडतं आणि तिथूनच चिरा पडायला सुरुवात होते. सगळ्यांत वर वजनाला आठ चिरे.

वाळलं हे ओळखायचं कसं? काका ठोकून आवाजावरून सांगतात. माझा कानावर भरवसा नाही. मी एक तुकडा वेगळा ठेवला आणि काजू मोजायच्या काट्यावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचं वजन करून कॅलेंडरवर लिहिलं. ६ किलो २०० ग्रॅमपासून सुरुवात. पहिल्या उन्हाळ्यात भराभर उतरला, पावसाळ्यात अडला, एका महिन्यात तर उलट पन्नास ग्रॅम वाढला. २०२२ च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये सारखाच भरला, ४ किलो १००. तेव्हा काकांना निरोप धाडला. म्हणजे जेमतेम सहा किलोच्या तुकड्यात दोन लिटरहून जास्त पाणी होतं! ओली फळी विकत घेणारा माणूस लाकडाच्या भावाने हेच पाणी घेतो.

काम करताना फणस कसा, हे काकांच्या तोंडून. करवतीला सोपा, खिळ्याला फाटत नाही, पण रंध्याला लबाड. याचे धागे एका थरात डावीकडे कललेले तर पुढच्या थरात उजवीकडे. एका अंगाने रंधा मारला की अर्धी फळी काचेसारखी होते आणि अर्ध्यातले कण उपटून येतात. काकांनी शेवटचा हात रंध्याने न मारता काचेच्या तुकड्याने खरवडून आणि मग पॉलिश पेपरने घासून घेतला. हेच उलटसुलट धागे नंतर शोभा आणतात. सकाळचं ऊन टेबलावर तिरकं पडलं की आलटून पालटून उजळ-काळे पट्टे दिसतात, आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं की उजळ ते काळे होतात.

टेबल सहा फूट बाय अडीच फूट, वरची जाडी इंचाला थोडी कमी. करून झालं तेव्हा इतकं पिवळंधमक होतं की माझी बहीण म्हणाली, "सत्यनारायणाला काढलंयस का?" काका म्हणाले, थांबा. उजेड लागेल तसा फणस उतरतो: पिवळ्याचा केशरी, केशरीचा मधाळ, मग तपकिरी. आमचं आता गुळाच्या ढेपेच्या रंगाचं झालंय. माझी चूक एवढीच झाली की पहिले तीन महिने पाण्याचे तांबे ठेवायचा स्टीलचा ट्रे एकाच जागी होता. उचलला तर खाली लख्ख पिवळा चौकोन. घासून काही उपयोग नाही, उजेडच लागावा लागतो. तो चौकोन बाकीच्या टेबलाला येऊन मिळायला दीड वर्ष गेलं. नवीन टेबलावर काहीही एका जागी ठेवू नका, आणि टेबलपोस तर नकोच.

लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. काकांनी हे टेबल करतानाच सांगितलं होतं. खालच्या आडव्या पट्ट्यांना त्यांनी गोल भोकं न पाडता लांबट खाचा पाडल्या, स्क्रू त्यात सरकतो. मी मनात म्हटलं, म्हातारा उगाच वेळ काढतोय, रोजावर आहे ना. मग मे महिन्यात टेबलाची रुंदी मोजली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजली. पाव इंचाला जराशी कमी, एवढा फरक. पट्ट्या घट्ट आवळल्या असत्या तर तेवढ्या ओढीने कुठेतरी तडकलं असतं. चार पावसाळ्यांत टेबलाला एकही चीर नाही. काकांची माफी मी मनातच मागितली.

झोपाळा ही सगळ्यांत यशस्वी गोष्ट. सहा फूट बाय दोन फूट, दीड इंच जाड, खाली दोन आडवे पट्टे, कड्या पितळी. फणस फार जड नाही, घनफुटाला साधारण १८ किलो, सागाच्याच आसपास. त्यामुळे झोपाळा पायाच्या अंगठ्याने ढकलला तरी चालतो. सासूबाईंचा जुना झोपाळा ऐनाचा होता, त्याला हलवायला भाचा लागायचा. या झोपाळ्यावर एकदा एकाच कुटुंबातली पाच माणसं आणि एक कुत्रा बसलेला मी पाहिलाय. ओटीवर आहे, पावसाचे शिंतोडे येतात, काही झालेलं नाही. फक्त एक काळा डाग आहे. कड्या बसवणाऱ्याने एका जागी पितळी स्क्रू संपला म्हणून लोखंडी मारला होता. ओलसर फणस आणि लोखंड एकत्र आले की काळपट डाग पडतो आणि तो खोल जातो. खाऱ्या हवेत लोखंड तसंही टिकत नाही. पितळ वापरा, नाहीतर काकांनी बाकांना केलं तसं करा: खाचेत जीभ बसवायची आणि आरपार लाकडाचीच खुंटी. बाकांबद्दल निराळं काही सांगण्यासारखं नाही. बाकं आहेत, लोक बसतात.

पोळपाट मात्र साफ फसला. उरलेल्या तुकड्याचा काकांनी हौसेने करून दिला, आणि पहिले पंधरा दिवस माझ्या भाकऱ्यांना पिवळी झाक. ओल्या पिठाने रंग ओढून घेतला. अपाय नसेल, पण पाहुण्यांना प्रत्येक वेळी समजावणार कोण? शिवाय उलटसुलट धाग्यांमुळे मधेमधे खरबरीत राहिला. पोळपाटाला शिवणच घ्या. शिवण हलकी, वाकत-पिळत नाही, आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. तो पोळपाट आता तुळशीपाशी समईखाली आहे. आडोळीचा पाट मात्र फणसाचा उत्तम झाला. नारळ खवताना अंगाचा भार पडतो, पाट हलत नाही.

पॉलिशचे दोन धडे. पहिल्यांदा टेबलाला लाखेचं फ्रेंच पॉलिश केलं होतं. रूप काय सांगू, आरसा. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सोलकढीचं ओलं भांडं आणि त्याच्या शेजारी गरम वरणाचं पातेलं ठेवलं, दोन पांढरी वर्तुळं. ओल आणि उष्णता, लाखेला दोन्ही सोसत नाहीत. देवघरातल्या चौरंगाला ठीक आहे, खानावळीत नाही. मग सगळं घासून काढून जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. तेही उन्हाळ्यातच द्यावेत. झोपाळ्याला मी जुलैमध्ये दिले होते, ते आठवडाभर चिकट राहिले आणि त्यावर करडी बुरशी आली. हल्ली टेबलाला दर एप्रिलमध्ये तेल आणि मधमाशीचं मेण, बाकी काही नाही. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग टाका. जुन्या लोकांचं काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना फार चांगलं, पण ते कातडीवर पडलं तर फोड येतात. माझ्या दिरांच्या मनगटावर खूण आहे. फर्निचरला नकोच.

आता विकतच्या मालाचा अनुभव. दोन खोल्यांची दारं बदलायची होती आणि घरचं लाकूड तेवढं नव्हतं, म्हणून एका वखारीतून फणसाची तयार दारं घेतली. "सीझन केलेलं आहे ना?" "एकदम सुकं, मॅडम." मी काटा बरोबर नेला नव्हता. पावसाळ्यात घेतली म्हणून की काय, लावली तेव्हा चपखल बसली. मे महिन्यात फळ्यांच्या फटीतून पलीकडचा दिवा दिसायला लागला, आणि एक दार असं पिळलं की वरचा कोपरा चौकटीला टेकतो तेव्हा खालचा अंगठाभर बाहेर. पाहुण्यांनी चादर टांगून घेतली. त्याच वर्षी दुसऱ्या दाराखाली पीठ पडायला लागलं. काकांनी नखाने खरवडलं, वरचा तपकिरी रंग निघाला आणि खाली पांढरं. डाय मारून गाभ्यात खपवलेलं. टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन हात दिले, भुंगा थांबला. हे औषध पाण्याने धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या लाकडाला. वखारवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "लाकूड आहे, हलणारच." हलणारच, हे खरं. पण एवढं?

तेव्हा विकत घेताना फळीचं टोक बघा, वरची बाजू नको. टोकाकडून गाभा आणि पांढरं लपत नाही. नखाने किंवा चावीने एक ओरखडा काढून बघायला कुणी नाही म्हणत असेल तर तिथून निघा. आणि एप्रिल-मेमध्ये खरेदी करा, श्रावणात नको.

सागाशी तुलना सगळेच विचारतात. साग सागच आहे. त्याच्यात मुळातच तेल आहे, ओल्या-सुक्यात तो कमी हलतो, उघड्या खिडकीला, न्हाणीच्या दाराला मी आजही सागच लावीन. ताकदीलाही तो फणसापेक्षा थोडा वरचढ. पण मला सागाच्या एवढ्या रुंद फळ्या परवडल्या नसत्या. वखारीत जुना साग विचारला आणि फणस विचारला तर आमच्याकडे फणस निम्म्याहून कमी भावात सांगितला. ऐनाची गोष्टच निराळी. घनफुटाला पंचवीस किलोच्या आसपास वजन, गिरमिटाने भोक पाडल्याशिवाय खिळा जात नाही. तुळईला, वाशाला ऐन. टेबलाला ऐन करणाऱ्याने ते टेबल पुन्हा कधी हलवायचं नाही अशी शपथ घ्यावी. आंबा स्वस्त आहे, पेट्यांना ठीक. एवढं पुरे.

गेल्या डिसेंबरात एक बाई उतरल्या होत्या, वीणा शिकणाऱ्या. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली आणि सागवान म्हणाल्या नाहीत. कान टेकवला, दोन ठिकाणी पुन्हा वाजवलं आणि म्हणाल्या, "फणस ना?" तंजावरची वीणा फणसाचीच करतात, चांगल्यातली तर एकाच ओंडक्यातून कोरलेली. मृदंगाचं खोडही फणसाचं. त्या म्हणाल्या, हलकं, आवाज न दाबणारं लाकूड हवं असतं, स्वर आत अडकून राहत नाही. तंजावरला दीड-पावणेदोनशे वर्षं मराठी राजे गादीवर होते, पण फणसाच्या झाडाकडे बघून कोकणातल्या माणसाला आधी गरे, मग सांदणं, मग आठळ्यांची भाजी आणि शेवटी जळण आठवतं. वीणा नाही. त्या बाईंनी जाताना काकांचा पत्ता मागितला. काकांनी सांगितलं, "वीणा-बिणा नाय जमायची, पण स्टूल हवं तर सांगा."

खर्च किती, हे ठाण्याच्या मंडळींनी चार वेळा विचारलं. लाकूड घरचं, त्यामुळे तुमचा आकडा वेगळा येईल. मला गिरणी, टेंपो, काकांचे आणि मदतनिसाचे मिळून बावीस दिवसांचे रोज, पितळी सामान, तेल-मेण सगळं धरून पन्नास हजारांच्या आत टेबल, दोन बाकं, झोपाळा आणि तीन फडताळं झाली. वर पावणेदोन वर्षं थांबणं. ज्यांना दिवाळीच्या आत फर्निचर हवंय त्यांनी फणसाच्या नादी लागू नये. वातानुकूलित फ्लॅटमध्ये न्यायचं असेल तर आमच्या हवेत वाळलेलं लाकूड तिथे आणखी आवळेल, तेव्हा सुताराला ते आधीच सांगा.

वाळलेला, जुन्या झाडाचा गाभा असेल तर पाचपैकी साडेचार. अर्धा पोळपाटासाठी कापला. विकतच्या दारांना एक, तोही कडी चांगली होती म्हणून.

बुंध्याचा खालचा अडीच फुटांचा ओंडा वेडावाकडा होता, गिरणीवाला नको म्हणाला, तो गोठ्यामागे तसाच मातीत पडून राहिला. ना छप्पर, ना औषध. मागच्या आठवड्यात तिथलं रान काढताना बघितलं. साल कधीच गेलेली, वाळवीने पांढरं कडं सगळं खाऊन त्या जागी मातीची भिंत बांधलेली. हाताने ढकलली तर ती ढासळली आणि आत गाभा तसाच्या तसा, वरून काळवंडलेला. काकांनी कोयत्याने एक कपचा काढला. खाली पिवळा. मामंजींनी तो ओंडा ओढून परसात आणायला लावलाय. सकाळी उन्हाला ते त्यावर बसतात आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.